नाशिकच्या छोट्या ऑफिसचा सर्व्हर: आधी बॅकअप, मग मिरर

अंबड-सातपूर या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतल्या बहुतेक छोट्या कारखान्यांत सर्व्हर म्हणजे अकाउंट्सच्या टेबलाखाली सरकवलेला एक डबा. त्यावर टॅली, कस्टमरची ड्रॉइंग्ज, व्हीएमसी मिलिंग मशीनचे प्रोग्रॅम, पगारपत्रकं आणि कोणीच कधी न आवरलेले फोल्डर. डेटा सुरक्षित आहे का विचारलं की उत्तर ठरलेलं: "हो, दोन हार्ड डिस्क आहेत, मिरर केलंय." या उत्तरात अर्धंच काम झालेलं असतं, आणि तेही मागचं अर्धं.

मिरर म्हणजे रेड-१ (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत). प्रत्येक गोष्ट एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं, डिस्पॅच थांबत नाही, चलनं निघत राहतात. पण कोणी चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी घुसवलेल्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे. सर्व्हरच चोरीला गेला, तर दोन्ही डिस्क एकाच पिशवीतून. कालचा डेटा परत आणणं हे मिररचं कामच नाही. त्यामुळे बजेट एकाच गोष्टीचं असेल तर माझं मत सरळ आहे: आधी बॅकअप घ्या, मिरर पुढच्या तिमाहीत केला तरी चालेल. यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. मिरर बनवताना डिस्क पुसल्या जातात, आणि हाताशी बॅकअप नसताना ते काम कोणी करू नये.

पायरी १: काय वाचवायचंय ते कागदावर लिहा

एक पान घ्या. कोणता डेटा, कुठे आहे, केवढा आहे, दिवसात किती बदलतो, एवढं मांडा. समजा, जॉबवर्क करणारा वीस माणसांचा कारखाना आहे. टॅलीचा डेटा दोन-चार जीबी, पण दिवसभर बदलणारा. ड्रॉइंग्ज आणि प्रोग्रॅम मिळून ६०० जीबी, पण त्यातलं रोज बदलतं फार थोडं. हा फरक पुढे कामी येतो: टॅलीचा बॅकअप दिवसातून दोनदा घेणं सोपं आहे, ६०० जीबीचा पूर्ण बॅकअप रोज घेणं निरर्थक आहे.

त्याच पानावर मालकांकडून दोन उत्तरं लिहून घ्या. किती तासांची एंट्री पुन्हा मारावी लागली तर चालेल? आणि सर्व्हर किती वेळ बंद राहिला तर चालेल? "शून्य" हे उत्तर ऐकून घ्यायचं आणि शून्याचा खर्च समोर ठेवायचा. मग उत्तर आपोआप चार तासांवर किंवा एका दिवसावर येतं.

या यादीतून हमखास सुटणाऱ्या काही जागा आहेत. अकाउंटंटच्या डेस्कटॉपवरच्या एक्सेल शीट. राउटरचं सेटिंग. लायसन्स नंबर. आणि शॉपफ्लोअरवरची सीएनसी कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारे कॉम्प्युटर. फॅनुक कंट्रोलची पॅरामीटर्स आणि ऑफसेट ज्या मेमरीत राहतात ती बॅटरीवर टिकते. मशीन बंद असताना बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं आणि मशीन उभं. ती पॅरामीटर्स मेमरी कार्डवर काढून सर्व्हरवर मशीनच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली की तीही बॅकअपमध्ये येतात. आयटीवाल्याला हे सुचत नाही आणि मेंटेनन्सवाल्याला बॅकअप हे आपलं काम वाटत नाही. त्यामुळे ही ओळ यादीत तुम्हीच घाला.

किती वर्षं ठेवायचं हे कायदा सांगतो. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. शिवाय ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीपासून कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे; आधी नियमात "रोज" नव्हतं, ठरावीक काळाने एवढंच होतं. प्रोप्रायटरशिपला कंपनी कायदा लागू नाही, पण जीएसटी आहेच. शंका असेल तर आपल्या सीएंना विचारा, आयटीवाल्याला नको.

पायरी २: आजच्या आज एक बॅकअप

पुढचं काहीही करण्याआधी दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणा. त्यांच्यावर मार्करने मोठं "अ" आणि "ब" लिहा. "अ"वर आज सगळा डेटा काढा.

नुसती फोल्डर कॉपी इथे फसवते. टॅली चालू असताना, चार जण एंट्री करत असताना डेटा फोल्डर उचलला तर त्यातल्या काही फाइली दहा सेकंद आधीच्या आणि काही नंतरच्या येतात. कॉपी झाली असं दिसतं, उघडताना मात्र डेटा खराब निघतो. सगळ्यांना बाहेर पडायला सांगा आणि टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून डेटाच्या मेन्यूतून बॅकअप घ्या. ईआरपी (स्टॉक, ऑर्डर, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल आणि मागे मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर असेल, तर त्या डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप किंवा डंप काढा आणि ती फाइल डिस्कवर घ्या.

मग ती "अ" डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, टॅली रीस्टोअर करा, मागच्या महिन्याचा ट्रायल बॅलन्स जुळतोय का बघा. चार ड्रॉइंग्ज उघडून बघा. जुळलं की मगच सर्व्हरच्या डब्याला हात लावायचा.

पायरी ३: वीज, पाणी आणि तेलकट धूळ

डिस्क बिघडण्याआधी बहुतेकदा वीज बिघडते. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात लाइट जाते, येते, पुन्हा जाते. अशा वेळी लिहिणं अर्धवट राहिलं तर डेटाबेस तुटतो, आणि मिरर तो तुटलेला डेटाबेस इमानाने दोन्ही डिस्कवर ठेवतो. सर्व्हरला यूपीएस हवाच. घरगुती इन्व्हर्टर त्या जागी चालत नाही, कारण लाइट गेल्यावर तो बॅटरीवर यायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात सर्व्हर बंद पडू शकतो.

यूपीएसच्या मागे यूएसबी पोर्ट असतं. त्याची केबल खोक्यातच राहून गेलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती सर्व्हरला जोडा आणि बॅटरी ठरावीक टक्क्यांवर आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल असं सेटिंग करा. लिनक्सवर त्यासाठी नट नावाचं सॉफ्टवेअर आहे, विंडोज आणि नॅसमध्ये (नेटवर्कला जोडायचा तयार डिस्कचा डबा) सोय आतच असते. मग संध्याकाळी सगळे गेल्यावर यूपीएसची पिन भिंतीतून खरोखर उपटा आणि बघत बसा. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, तेव्हा ही चाचणी वर्षातून एकदा करा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका. तो गरम होताना एवढी वीज ओढतो की यूपीएस मान टाकतो.

जागेबद्दल थोडक्यात. शॉपफ्लोअरला लागून असलेल्या केबिनमध्ये कूलंटची वाफ आणि बारीक धूळ पंख्यात बसते, तेव्हा डबा जमिनीवर नको. गावात, सराफ बाजार किंवा भांडी बाजाराच्या पट्ट्यात ऑफिस असेल तर तळमजला विसराच. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत आलं की तिथले दुकानदार माल वर हलवायला लागतात. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये शहराने हे पाहिलं आहे. सर्व्हर उचलायची वेळच येऊ नये, तो मुळात वरच्या मजल्यावर असावा.

पायरी ४: मिरर बांधणे

दोन डिस्क एकाच क्षमतेच्या घ्या, पण शक्यतो वेगवेगळ्या लॉटच्या, किंवा सरळ दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच दिवसापासून तेवढंच काम केलेल्या डिस्क जवळपास एकाच सुमाराला थकण्याची शक्यता जास्त. खरेदी करताना एसएमआर तंत्राच्या डिस्क टाळा, सीएमआर मागा. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, बराच वेळ न थांबता लिहिताना वेग कोसळतो, आणि मिरर पुन्हा भरण्याच्या वेळी नेमकं सलगच लिहायचं असतं. दुकानदाराला फरक माहीत नसेल तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

कशावर बांधायचा? ऑफिसमध्ये आयटीचा माणूस नसेल तर दोन खणांचा नॅस घ्या. सिनॉलॉजी, क्यूनॅप यांत मिरर चार क्लिकमध्ये होतो आणि बिघाडाची मेल आपोआप येते. लिनक्स येणारा कोणी असेल तर एमडीएडीएम हे लिनक्सचं मिररचं साधन जुनं आणि भरवशाचं. त्याहून मला झेडएफएस हे डिस्कवर फाइली मांडणारं सॉफ्टवेअर आवडतं. प्रत्येक तुकड्याचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) त्यात साठवलेला असतो. त्यामुळे दोन डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या तर खरी कोणती हे त्याला कळतं, आणि चुकीची प्रत ते दुरुस्त करतं. एमडीएडीएमला फक्त एवढंच कळतं की दोन्ही जुळत नाहीत. विंडोजवरच राहायचं असेल तर स्टोरेज स्पेसेसमधला टू-वे मिरर वापरा, मात्र विंडोज स्वतः वेगळ्या एसएसडीवर ठेवा आणि मिररवर फक्त डेटा. मदरबोर्डच्या बायोसमधून होणारा रेड मी सुचवत नाही. बोर्ड जळला की त्याच जातीचा बोर्ड शोधत फिरावं लागतं, आणि डिस्क गेल्याची खबर अनेकदा फक्त मशीन चालू होताना स्क्रीनवर दोन सेकंद दिसते.

चार खणांचा डबा असला तरी रेड-५च्या (तीन किंवा जास्त डिस्कची, एक गेली तरी चालणारी मांडणी) मोहात पडू नका. जागा जास्त मिळते हे खरं, पण एक डिस्क गेल्यावर उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत विनाचूक वाचल्या गेल्या तरच ती उभी राहते. मिररमध्ये फक्त जोडीदार वाचायचा असतो.

बांधताना तीन गोष्टी बघा. पार्टिशन डिस्कच्या पूर्ण मापाचं न करता शेवटी थोडी जागा सोडा. उद्या बदली आणलेली त्याच क्षमतेची डिस्क काही एमबीने लहान निघाली तर ती नाकारली जाते. ऑपरेटिंग सिस्टिमही मिररवर असेल तर बूटलोडर (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) दोन्ही डिस्कवर टाका, नाहीतर डेटा शाबूत आणि मशीन सुरूच होत नाही असा प्रकार होतो. आणि प्रत्येक डिस्कच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर मोबाइलने टिपून, त्याचे शेवटचे चार अंक खणाच्या बाहेरच्या बाजूला चिकटवा.

या चार अंकांचं महत्त्व डिस्क मरते त्या दिवशी कळतं. एक मेलेली, एक जिवंत, दोन्ही दिसायला सारख्या, मालक डोक्यावर उभे. घाईत जिवंत डिस्क उपटली जाते. मिरर गमावण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

म्हणून रंगीत तालीम आधीच करा, डेटा भरायच्या आधी. मशीन बंद करा, एक डिस्क काढा, चालू करा. लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल उघडली की निरोगी मिररसमोर चौकटी कंसात दोन यू दिसतात. एक डिस्क गेली की एका यूच्या जागी आडवी रेघ येते. ती रेघ डोळ्यांनी एकदा बघून ठेवा. मेल आली का? नाही आली तर इथेच थांबा आणि ते आधी दुरुस्त करा. खबर न देणारा मिरर वर्षभर एका पायावर उभा राहतो आणि कोणाला पत्ता नसतो.

डिस्क परत लावून रीबिल्ड (मिरर पुन्हा भरणं) सुरू करा आणि वेळ टिपा. ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी वेगाने भरली तर साडेसात तासांच्या आसपास लागतात. दिवसा कामही चालू असेल तर बरेच जास्त. झेडएफएस फक्त वापरलेली जागा भरतं, त्यामुळे अर्धी रिकामी डिस्क लवकर होते. खरी डिस्क गेल्यावरचा क्रम मात्र वेगळा: आधी ताजा बॅकअप, मग सिरियल नंबर जुळवणं, मग बदली. रीबिल्डचे ते तास उरलेल्या एकुलत्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण देणारे असतात.

महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क पूर्ण वाचून तपासणारं काम लावा. झेडएफएसमध्ये त्याला स्क्रब म्हणतात, डेबियन-उबुंटूवर एमडीएडीएमची तपासणी आपोआप महिन्याला होते. सोबत स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, आकडे बघा. त्यातल्या लांबलचक यादीत तीन ओळी कामाच्या: ५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णयाची वाट बघणारे सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न झालेले. १९७ शून्यावरून वर गेला आणि पुढच्या आठवड्यात आणखी वाढला तर डिस्क मागवा, मरणाची वाट बघू नका. १९९ म्हणजे केबलवरून येता-जाता झालेल्या चुका; तो वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदलून बघा.

पायरी ५: रोजचा बॅकअप, तीन ठिकाणी

जुना नियम ३-२-१ असा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक जागेबाहेर. मिररच्या दोन डिस्क या हिशेबात एकच प्रत धरायच्या.

पहिला थर ऑफिसमध्येच, वेगळ्या यंत्रावर. जुना पीसी आणि मोठी डिस्क पुरते. इथे दिशा महत्त्वाची आहे. सर्व्हरने बॅकअपवर डेटा ढकलायचा नाही, बॅकअपच्या यंत्राने सर्व्हरवरून तो ओढून घ्यायचा. त्याला सर्व्हरवर फक्त वाचायची परवानगी द्या आणि सर्व्हरला त्याचा पासवर्ड माहीत असू देऊ नका. कारण रॅन्समवेअर सर्व्हरवर शिरलं की पोहोचता येईल ते सगळं कुलूपबंद करतं, आणि विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती (शॅडो कॉपी) तर आधीच पुसून टाकतं. मॅप केलेल्या झेड ड्राइव्हवर पडून राहिलेला बॅकअप त्याच्या पहिल्या तासातली शिकार.

जून २०१७मध्ये नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं नेटवर्क झोपवलं, तेव्हा कंपनीची लॉगिन व्यवस्था सांभाळणारे डोमेन कंट्रोलर एकापाठोपाठ एक गेले. ते एकमेकांच्या ताज्या प्रती होते, म्हणजे मोठ्या प्रमाणावरचा मिररच. घानाच्या ऑफिसमधला एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तिथे लाइट गेली होती. तुमच्याकडची अशी नेटवर्कपासून तोडलेली प्रत महावितरणच्या भरवशावर ठेवू नका. "अ" आणि "ब" डिस्क त्याचसाठी आहेत; हा दुसरा थर. एक आठवडा "अ" बॅकअप यंत्राला, "ब" घरी; पुढच्या आठवड्यात अदलाबदल. घर इंदिरानगरला आणि कारखाना अंबडला असेल तरी चालेल, फक्त एकाच छताखाली नको. डिस्क एन्क्रिप्ट करा (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी), कारण ती रिक्षात विसरली जाऊ शकते. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, मालकांच्या कपाटात ठेवा. फक्त सर्व्हरवर साठवलेला पासवर्ड सर्व्हर गेल्यावर कोणाच्या उपयोगाचा नाही.

२०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत शहरात, विशेषतः पंचवटी-रामकुंड परिसरात, वाहतूक बंद असणार. त्या तारखा बघून अदलाबदल आधी उरका, आणि एक जादा डिस्क कपाटात असू द्या. हवी तेव्हा कुरिअर येईलच असं धरू नका.

तिसरा थर क्लाउड. अॅमेझॉनचं मुंबई केंद्र किंवा मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं, म्हणजे वर सांगितलेला भारतातल्या सर्व्हरचा नियमही पाळला जातो. पहिल्या अपलोडचा हिशेब मात्र करून ठेवा. ६०० जीबी १०० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने साधारण सव्वातेरा तास घेतात, तेही लाइन पूर्ण मिळाली तर. अपलोड २० एमबीपीएस असेल तर पावणेतीन दिवस. शुक्रवारी रात्री सुरू करा. नंतर रोज फक्त बदललेलं जातं. रेस्टिक, डुप्लिकाटी ही मोफत साधनं हेच करतात, विंडोजसाठी वीमचा मोफत एजंटही चांगला आहे. क्लाउडच्या बकेटवर, म्हणजे तिथल्या साठवणीच्या कप्प्यावर, ऑब्जेक्ट लॉक लावता येतं. त्याच्या कम्प्लायन्स मोडमध्ये ठरलेल्या मुदतीत ती प्रत कोणालाच पुसता येत नाही, अगदी तुम्हालाही. आधी तीस दिवसांची मुदत लावून बघा. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं सिंक याच्या जागी धरू नका. सिंकही एक मिररच आहे, फक्त लांबचा.

जुन्या प्रती किती ठेवायच्या? रोजच्या चौदा, आठवड्याच्या आठ, महिन्याच्या बारा. रॅन्समवेअर किंवा खराब झालेली फाइल कधीकधी महिनाभर लक्षात येत नाही, म्हणून महिन्याच्या प्रती हव्यातच. टॅलीच्या मात्र वर्षाला दोन प्रती कायमच्या बाजूला काढा: एक ३१ मार्चची, एक ऑडिटवर सही झाल्यानंतरची. मधल्या काळात एंट्र्या सुधारल्या जातात, आणि पुढे नोटीस आली की नेमकी कोणती आवृत्ती दाखल झाली होती हा प्रश्न येतो.

पायरी ६: परत आणून बघणे

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच मार्ग होते आणि त्यातला एकही धड चालत नव्हता. सुमारे सहा तासांआधी योगायोगाने काढलेल्या एका स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या पूर्ण प्रतीवर) निभावलं, मधला डेटा गेला. तिथे ही गत, तर आपल्याकडे "बॅकअप सक्सेसफुल" अशी मेल रोज येते म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. ती मेल फक्त एवढं सांगते की प्रोग्रॅम संपला. काल ज्या फोल्डरचं नाव बदललं तो बॅकअपमध्ये आहे की नाही, हे ती सांगत नाही.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक टॅली कंपनी आणि कोणतीही दोन ड्रॉइंग्ज दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत आणा. कोणती ते अकाउंटंटला किंवा डिझाइनवाल्याला निवडू द्या, आयटीवाल्याला नको. सहा महिन्यांतून एकदा पूर्ण सर्व्हर रिकाम्या पीसीवर उभा करून घड्याळ लावा, आणि पहिल्या पानावर मालकांनी सांगितलेल्या तासांशी ताडून बघा. क्लाउडवरून ६०० जीबी उतरवायलाही वेळ लागतो, हे त्याच दिवशी लक्षात येतं. म्हणून मोठा रीस्टोअर नेहमी जवळच्या डिस्कवरून करायचा आणि क्लाउड शेवटचा आधार म्हणून ठेवायचा. तारीख, काय परत आणलं, किती वेळ लागला, कोणी केलं, हे एका साध्या वहीत लिहा. आणि हे काम किमान दोघांना यायला हवं. ज्या एकट्याला येतं तो गणपतीत गावी गेलेला असतो, आणि सर्व्हरला ते माहीत नसतं.

राहता राहिली काढलेली डिस्क. वॉरंटीत असेल तर ती कंपनीकडे परत जाते, आतल्या कस्टमरच्या ड्रॉइंगसकट. म्हणून सर्व्हरची डिस्कही पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्टेड ठेवा, तर ती निश्चिंत पाठवता येते. वॉरंटी संपलेली डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नका. कारखान्यात ड्रिल मशीन आहेच, प्लॅटरच्या, म्हणजे आतल्या चकत्यांच्या, आरपार चार भोकं पाडा. एसएसडी असेल तर भोक प्रत्येक चिपमधून गेलं पाहिजे.